माझ्या पोटात अठरा गाद्या

मी संदूक बोलतेय. माझं झाकण नीट लागत नाही, त्यामुळे तोंड बंद ठेवणं मला जमत नाही. तेव्हा आलाच आहात तर बसा आणि ऐकून घ्या.

माझा जन्म अत-बाशी गावाच्या वरच्या अंगाला, एका सुताराच्या अंगणात झाला. लाकूड पॉपलरचं, वर पत्र्याच्या पट्ट्या, पट्ट्यांवर हिरवा आणि तांबडा रंग. सुतार हाताचा बरा होता, पण तोंडाचा फार. रंग लावता लावता शेजाऱ्याला म्हणाला, "हिच्या पोटात अख्खा संसार मावेल बघ." मी नवी कोरी, मला ते खरंच वाटलं. संसार म्हणजे काय हे तेव्हा कुठं माहीत होतं? पुढं कळलं, संसार म्हणजे गाद्या.

आमच्याकडं गादीवर बसायचं, गादीवर जेवायचं, गादीवर झोपायचं आणि सकाळी घडी घालून संदुकीवर थप्पी लावायची. पाहुणा दारातून आत आला की आधी थप्पीकडं बघतो, मग माणसांकडं.

शारकुल नवरी होऊन निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर आले. आता ती शारकुल आजी आहे. तिच्या घरी माझ्यावर काय काय वेळ आली ते विचारू नका. माझ्यात जर्दाळू लपवले, एका कोंबडीनं अंडी घातली. तिचा मुलगा तोक्तोसून लहानपणी लपाछपी खेळताना माझ्यातच झोपून गेला आणि गाव त्याला नदीकाठी शोधत बसलं. आता त्या तोक्तोसूनला दोन मुली आहेत, थोरली नुरझात आणि धाकटी बेगैम. ही गोष्ट त्या दोघींची आहे. म्हणजे तशी माझीच आहे.

नुरझातचं लग्न ठरलं ते खिंडीपलीकडच्या सातिबाल्दीच्या मुलाशी. मुलगा चांगला, व्याही तर गरीब गाय. पण विहीण कानिमबुबू. तिचं नाव काढलं की बायका आधी मागं वळून बघायच्या आणि मग बोलायच्या.

तिला एक खोड होती. सून आली की सुनेचं तोंड बघायच्या आधी ती संदूक हलवून बघायची. आमच्यात रिकामं भांडं कुणाच्या घरी पाठवत नाहीत, मग संदूक कशी पाठवतील? तिची थोरली सून अनारकुल गरिबाघरची. तिच्या संदुकीत एक चहाची किटली, एक आरसा आणि वर चादर पसरलेली. कानिमबुबूनं अंगणात सगळ्यांसमोर संदूक हलवली आणि किटली आरशावर आपटली. त्या दिवसापासून अनारकुलचं नाव 'खडखडी' पडलं. खडखडे, चहा आण. खडखडे, मेंढ्या बांध. तिची पोरं मोठी झाली तरी ते नाव काही सुटलं नाही.

आता मी नुरझातबरोबर जायची होते, आणि हे सगळं तिला माहीत होतं. ती वरून हसायची, पण कुणी माझ्यावर टिचकी जरी मारली तरी तिचा हात थांबायचा. तिला कुठलंही नाव नको होतं, स्वतःचंच हवं होतं.

"आधी किती गाद्या लागतील ते कळायला हवं," तिची आई म्हणाली. "कमी पडल्या तर आतलं हलेल, जास्त झाल्या तर झाकण लागणार नाही. आणि लोकर काय झाडाला लागते?"

"घरात सहावीतली पोर आहे की," शारकुल आजी म्हणाली. "रोज खोक्यांची गणितं घेऊन रडत असते. एक आपल्या खोक्याचं करून दे म्हणावं."

बेगैम खरंच रडत असायची. शाळेत मिश्र अपूर्णांक आणि घनफळ दोन्ही एकदम सुरू झालं होतं आणि तिचं दोघांशीही जमत नव्हतं. पण घरातल्या मोठ्या माणसांनी तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. ती पेन्सिल घेऊन माझ्यासमोर अशी बसली जणू मी परीक्षेला आलेय आणि ती बाई आहे.

आजीनं बाही सरसावून मला मोजलं. "माझ्या वितीनं आणलीये, माझ्या वितीनंच जाईल." लांबी साडेचार विती, रुंदी अडीच, खोली अडीच. आतून मोजलं हं, बाहेरून नव्हे. आजी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती.

"लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली," बेगैम पुटपुटली. "चार दुणे आठ, आठ दुणे सोळा. आणि अर्ध्याचा अर्धा पाव, पावाचा अर्धा एक छेद आठ. सोळा पूर्णांक एक छेद आठ घनवीत."

माझं डोकंच फिरलं. सोळा? अगं बये, माझं पोट काय सोळाचं आहे? पूर्ण आकडा पूर्णाशी गुणला, अर्धा अर्ध्याशी गुणला आणि मधल्यामध्ये माझ्या चांगल्या बारा घनविती कुठल्या कुठं गडप. एवढ्या जागेत तोक्तोसून झोपला होता. बोलता येत असतं तर तेव्हाच बोलले असते, पण तेव्हा माझं झाकण नीट लागत होतं.

नुरझात शेजारीच तळायच्या बोर्सोकसाठी पीठ मळत होती. तिनं ऐकलं आणि हसली. "बेगै, त्या अर्ध्यानं फक्त अर्ध्यालाच का गुणायचं? चाराशी त्याचं भांडण झालंय का?"

"बाईंनी सांगितलेलं, पण मी विसरले."

"मग ये इकडं."

तिनं पीठ लाटून चौकोन केला आणि सुरीनं खुणा केल्या. एका बाजूनं साडेचार, दुसऱ्या बाजूनं अडीच. मधे आठ चौकोन अख्खे पडले. काठाला एकीकडं चार अर्धे, दुसरीकडं दोन अर्धे आणि कोपऱ्यात एक इवलासा पाव. बेगैम बोटानं मोजत गेली. "आठ. चार अर्धे म्हणजे दोन, झाले दहा. दोन अर्धे म्हणजे एक, अकरा. आणि हा पाव. सव्वाअकरा." तिनं त्या काठाच्या तुकड्यांवरून बोट फिरवलं. "ताई, एवढे सगळे मी टाकून दिले होते?"

"दिले तर दिले. आता तळून खाऊ."

मग तिला सगळं आठवलं. साडेचार म्हणजे नऊ छेद दोन, अडीच म्हणजे पाच छेद दोन, पुन्हा पाच छेद दोन. वर दोनशे पंचवीस, खाली आठ. अठ्ठावीस पूर्णांक एक छेद आठ घनवीत. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं लोकांनी माझ्यात काय काय कोंबलं, पण माझं पोट किती आहे हे आठव्या हिश्श्यापर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं.

आता एका गादीचं माप हवं होतं. दारासमोर मानाच्या जागी एक गादी अंथरलेली असते, ती बेगैमला सगळ्यात जवळ होती. तिनं घडी घातली, आजीचा हात धरून वीत लावली. लांबी सव्वादोन, रुंदी अडीच, जाडी पाव वीत. तेरा छेद बत्तीस वगैरे काहीतरी भयंकर आलं, पण पोरगी डगमगली नाही. अपूर्णांक उलटा केला, गुणला, आणि उत्तर आलं वीस. बाकी शून्य.

असं स्वच्छ उत्तर आलं की माणसांना वाटतं ते बरोबरच असणार. मलाही वाटलं.

"वीस चालणार नाही," आजी म्हणाली. "आपल्यात देणं नऊनऊनं. दोनदा नऊ घाला, अठरा. उरेल तिथं जर्दाळूची पिशवी खुपसा, म्हणजे आत काही हलायला नको."

आता एवढ्यावर थांबावं की नाही? पण तोक्तोसून. माझ्यात झोपलेलं ते पोर मोठं होऊन बढाईखोर निघालं. पोरीनं गणित सोडवलं या आनंदात त्यानं लगेच व्याह्याला फोन लावला. "दोनदा नऊ आणतोय, व्याहीबुवा. अठरा गाद्या. आणि सगळ्या एकाच संदुकीत, झाकण लावून, कडी घालून. आमच्या धाकटीनं हिशेब काढलाय. बाकी शून्य."

तिकडून व्याही काही बोलायच्या आत कानिमबुबूचा आवाज आला. "आणा की. हलवून बघू."

मग लोकर गोळा झाली. मामानं दिली, आत्यानं दिली, एका चुलत्याच्या मेंढ्या तर अवेळी बोडक्या झाल्या. बायकांनी अंगणात काठ्यांनी लोकर झोडली आणि त्याबरोबर कानिमबुबूलाही झोडून घेतलं. नवीन गाद्या अशा फुगून आल्या की त्यांच्यावर मांजर बसलं तर दिसेनासं व्हायचं. हे सगळ्यांनी कौतुकानं पाहिलं. पाहिलं आणि कुणाच्याही काही लक्षात आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी गाद्या भरायला घेतल्या. एक थर, दोन थर, पाच थर. दहावी गादी आत गेली आणि मी काठोकाठ भरले. अंगणात आठ गाद्या उरल्या.

"दाबा," तोक्तोसून म्हणाला.

दाबल्या. अकरावी अर्धी आत गेली आणि दहावी अर्धी बाहेर आली.

आईनं बेगैमकडं बघितलं. ती बिचारी तिथंच मातीत बसून काडीनं गणित करायला लागली. पुन्हा वीस आलं. पुसलं, पुन्हा केलं. पुन्हा वीस. "उत्तर तेच येतंय," ती रडवेली होऊन म्हणाली.

"मग गाद्या चुकल्या असतील," तोक्तोसून म्हणाला.

शारकुल आजी आत गेली. मानाच्या जागेवरची गादी तिनं दोन बोटांत धरून पाहिली आणि तिथूनच हाक मारली. "बेगैम, तू मोजलीस ती ही का गं?"

"हो. समोरच होती."

"अगं पोरी, हिच्यावर तुझे आजोबा जन्मभर बसले. ते गेल्यावर गावातला प्रत्येक पाहुणा बसला. मुल्ला बसला, पशुवैद्य बसला, तो आठ दिवस मुक्काम ठोकून राहिलेला तुझ्या बापाचा मित्र बसला. हिच्यातली लोकर कधीच देवाघरी गेलीये. नवी गादी अर्ध्या वितीची असते."

अर्धी वीत. म्हणजे वीसच्या निम्म्या. दहाच गाद्या मावणार, आणि सांगितल्यात अठरा. तोक्तोसूनच्या तोंडचं पाणी पळालं.

नुरझात माझ्यापाशी उभी होती. तिनं माझ्या काठावर हात ठेवला. "राहू दे गं बेगै. दहाच जाऊ देत. ठेवलंच नाव तर ठेवू देत." हे ती इतक्या शहाण्यासारखं बोलली की मलाच भरून आलं. अठराची बढाई मारून दहा नेल्या तर कानिमबुबू काय नाव ठेवील, याचा विचार माझ्यानंही करवेना.

बेगैमनं नाक पुसलं. "आजी, ती गादी बसून बसून पातळ झाली ना?"

"हो."

"मग बसू या."

बस, ठरलं. गावात सांगावा गेला की तोक्तोसूनकडं चहा आहे, सगळ्यांनी यायचं आणि सगळ्यांनी बसायचं. अठरा गाद्या अंगणात मांडल्या. तुर्सुनाय काकूला खास बोलावणं होतं. काकू बसली की गादी पुन्हा वर यायचं नाव घेत नसे, अशी तिची कीर्ती होती. त्या दिवशी तिला दर थोड्या वेळानं या गादीवरून त्या गादीवर हलवत होते आणि ती प्रत्येक जागी नवा बोर्सोक तोंडात टाकत होती.

"बरं, निघतो आता," एखादा म्हातारा उठायला जायचा.

"निघता कुठं? बसा. चहा घ्या."

"सहा पेले झाले की."

"सातवा घ्या. आणि जरा डावीकडं सरकून बसा, तिकडं फुगीर आहे."

लोकांना काही कळेना. तोक्तोसून एवढा पाहुणचार करणाऱ्यातला नव्हे. दोघा-तिघांना वाटलं हा निवडणुकीला उभा राहतोय. दुपार कलेपर्यंत सगळं गाव बसून बसून आंबलं आणि गाद्या पापडासारख्या झाल्या. गरम गरम असतानाच त्या माझ्यात भरल्या. अठरावी आत गेली, काकू झाकणावर बसली, तोक्तोसूननं कडी घातली. जर्दाळूच्या पिशवीचं कुणी नावही काढलं नाही.

मला श्वास घेता येईना. आणि एक गोष्ट सांगते, माणसांना ती माहीत नसते. लोकर दबते, पण विसरत नाही. काकू झाकणावरून उतरली तेव्हापासून माझ्या आत अठरा गाद्या हळूहळू खांदे उचलत होत्या.

दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये मला चढवलं. नवरीची धाकटी बहीण संदुकीवर बसून जाते आणि नवऱ्याकडच्यांनी तिला काहीतरी भेट दिल्याशिवाय खाली उतरत नाही, अशी आमच्यात रीत आहे. बेगैम माझ्यावर बसली. खिंड चढताना कडीचा पहिला खिळा कुरकुरून सुटला. उतरताना दुसरा निखळला. पोरीनं ऐकलं. दोन्ही हातांनी माझा काठ घट्ट धरून ती बसून राहिली. आता मला फक्त तिनंच धरून ठेवलं होतं.

सातिबाल्दीच्या अंगणात चौघांनी मला बेगैमसकट खाली ठेवलं. सगळं गाव जमलेलं. कानिमबुबू बाह्या सरसावून पुढं आली. मागं अनारकुल चहाची किटली घेऊन उभी होती, मान खाली घालून.

"ये गं खाली," एक काका म्हणाला आणि रंगीत रुमाल पुढं केला.

"नको," बेगैम म्हणाली.

लोक कौतुकानं हसले. पोरगी चलाख आहे. रुमालावर मिठाईचा डबा आला.

"नको."

"कोकरू देतो," व्याही म्हणाला. कोकरू आणलंही. ते बें बें करत माझी पट्टी चाटायला लागलं.

"नको." माझ्या आत गाद्या वर वर येत होत्या आणि तिचं वजन ते काय, मूठभर.

अंगणात कुजबूज सुरू झाली. केवढी हावरट कार्टी आहे. कोकराला नको म्हणते. नवरदेवाच्या मामाला चेव चढला, त्यानं शिंगराचं नाव घेतलं. शिंगरू म्हटल्यावर सगळं अंगण टाचा उंचावून बघायला लागलं. शिंगराला आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं.

"नको," बेगैम म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

कानिमबुबू तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "मग हवंय काय तुला, बाई? माझं घर हवंय?"

"माझ्या ताईला नाव ठेवू नका," बेगैम म्हणाली. "तिचं नाव नुरझात आहे. तेवढंच म्हणा."

अनारकुलनं मान वर केली. नुरझातनं ओढणीच्या आडून बहिणीकडं पाहिलं आणि रडू लागली. काय सांगू, लाकडाची असून माझाही जीव गलबलला.

कानिमबुबू जरा वरमली, पण खोड ती खोडच. "मी कशाला ठेवीन? संदूक खडखडली नाही तर नाही ठेवणार. उतर, हलवून बघू दे."

"खडखडणार नाही. पण तुम्ही मागं सरा."

"मी? माझ्या अंगणात मी मागं सरू?" असं म्हणून ती उलट माझ्यावर वाकली आणि कान लावायला झाकणाजवळ डोकं आणलं. बेगैमनं डोळे मिटले आणि उडी मारली.

कडी कुठं गेली ते आजवर सापडलेलं नाही. झाकण सपकन मागं पडलं आणि खिंडीपलीकडून दबून आलेल्या अठरा गाद्या एकदम उभ्या राहिल्या. पहिल्या चार तर उडाल्याच. कोकरू पळालं, मामा बसला, आणि कानिमबुबू दिसेनाशी झाली. तिच्या जागी अंगणात गाद्यांचा ढीग होता आणि ढिगाखालून दोन बूट बाहेर आलेले.

सगळे दगडासारखे उभे. मग ढिगाच्या आतून आवाज आला, अगदी शांत.

"भरलेली आहे."

सगळ्यात आधी अनारकुल हसली. त्या घरात ती मोठ्यानं हसलेली कुणी ऐकलं नव्हतं. हसता हसता तिच्या हातातली किटली खाली पडली आणि खडखडत गेली, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

आता मी कानिमबुबूच्या घरात भिंतीशी उभी आहे. माझ्याशेजारी अनारकुलची संदूक आहे, माझ्याच मापाची. अठरा फुललेल्या गाद्या माझ्यात मावणार नव्हत्याच, म्हणून आल्या आठवड्यातच नुरझातनं त्यातल्या नऊ उचलून जावेच्या संदुकीत घातल्या. कुणाला विचारलं नाही. नऊ तिच्यात, नऊ माझ्यात. दोघींच्याही पोटात एका गादीपुरती जागा उरली. तिथं जर्दाळू ठेवतात आणि नातवंडं ते चोरतात. बेगैम भेटायला आली की त्या उरलेल्या जागेचं घनफळ सांगते, दोन पूर्णांक तेरा छेद सोळा, आणि मग तीही चोरते.

कानिमबुबू अजून कधी कधी शेजारची संदूक हलवून बघते. हात शिवशिवतात तिचे, काय करणार? आतून काही आवाज येत नाही. मग ती म्हणते, "अनारकुल, चहा आण गं."

माझी कडी कुणी बसवली नाही, आणि त्या दिवशी वाकलेल्या बिजागऱ्याही कुणी सरळ केल्या नाहीत. झाकण कायम चार बोटं उघडं असतं. कानिमबुबूला कुणाला तरी नाव ठेवल्याशिवाय जेवण जात नाही, म्हणून हल्ली ती मला 'आ वासलेली' म्हणते. म्हणू दे बापडी. त्या घरात नाव ठेवलेली आता मी एकटीच आहे, आणि मला ते चालतं.

तुम्हाला एकच विनवणी. घरात लग्न निघालं आणि गाद्या मोजायची वेळ आली, तर अपूर्णांक नीट मोडा, काठाचे अर्धे-पाव टाकून देऊ नका, आणि मापाला घ्याल ती गादी कुणीही न बसलेली घ्या. आणि आता उठा, बराच वेळ माझ्या गादीवर बसलाय तुम्ही.